पिवळ्या इमारतीची मालकीण

बारकीला सगळे बारकीच म्हणत, अगदी नवऱ्यासकट. अंगाने काटकुळी, आवाजही तसाच. शिवणाच्या मशीनमागे बसली की येणाऱ्याला आधी चादरींचा ढीग दिसायचा आणि मग बऱ्याच वेळाने तिचं डोकं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कपड्यांची खोली होती, तिथे ती कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे तिथे उतरत. फाटलेलं बारकीकडे, चुरगळलेलं इस्त्रीला ठिणगीकडे आणि धड असेल ते घड्या घालायला मोठीकडे, अशी वाटणी होती.

ठिणगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं, पण तोंड उघडलं की समोरच्याला चटका बसायचा, म्हणून ते चिकटलं. मोठी वयाने दोघींहून थोरली. बोलायला कमी, ऐकायला पक्की. तिघी इतकी वर्षं एकत्र होत्या की जेवताना कुणाचा डबा कुणाच्या पुढ्यात आहे हे बघायची पद्धतच उरली नव्हती.

जेवणाचा विषयही बहुतेक ठरलेला असे, आणि तो म्हणजे ठिणगीची घरमालकीण. इस्पितळामागच्या गल्लीत एक पिवळी इमारत होती. तिच्या तळमजल्यावर ठिणगी नवऱ्याला घेऊन राहायची. नवरा पूर्वी ओझी उचलायचा. पाठ मोडली तेव्हापासून खिडकीजवळच्या खाटेला खिळला होता. इमारतीचं छत गळायचं, जिन्याचा कठडा हलायचा, पाण्याचा पंप मनाला येईल तेव्हा चालायचा. मालकिणीला कुणी पाहिलेलंच नव्हतं. भाडं न्यायला एक म्हातारा यायचा, बारा महिने काखेत छत्री, म्हणून त्याचं नाव छत्री. त्याला काही सांगितलं की तो म्हणायचा, "बाईंच्या कानावर घालतो."

"त्या बाईला कान आहेत का, ते आधी विचारा," ठिणगी म्हणायची. मग तिघी मिळून त्या न पाहिलेल्या म्हातारीचा उद्धार करायच्या. यात बारकीही मागे नसायची. "ती नोटांच्या गादीवर झोपत असणार, आणि ढेकूण होतील म्हणून गादी उन्हातही टाकत नसणार," असं एकदा बारकीने म्हटलं होतं. त्यावर मोठीसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

अशात एका दुपारी बारकीला वकिलाचा फोन आला.

आपल्या हातून नक्की काय घडलं असावं, याचा विचार करत ती त्याच्या कचेरीत पोचली. वकील शांत माणूस होता. त्याने तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमच्या आत्या वारल्या."

"कोण आत्या?" बारकीने विचारलं, आणि विचारताविचारताच तिला आठवलं. वडिलांची चुलत बहीण. लहानपणी घरात आजारपण होतं तेव्हा बारकीला काही महिने तिच्याकडे ठेवलं होतं. उंच, अबोल बाई. पुढे वडिलांचं आणि तिचं बिनसलं आणि येणंजाणं तुटलं ते तुटलंच. ती कुठे राहते, जिवंत आहे की नाही, हेही बारकीला ठाऊक नव्हतं.

"त्यांना मूलबाळ नव्हतं," वकील म्हणाला. "राहतं घर त्यांनी एका संस्थेला दिलंय. पण एक इमारत तुम्हाला ठेवलीय. म्हणायच्या, सगळ्या गोतावळ्यात हिनेच एकटीने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

कारण ती आहे हेच मी विसरून गेले होते, असं बारकीच्या ओठावर आलं होतं, पण वकिलाने इमारतीचा पत्ता वाचायला घेतला होता. इस्पितळ. मागची गल्ली. पिवळी इमारत.

बारकीने टेबलाची कड घट्ट धरली.

"नको म्हणता येतं का?" तिने विचारलं.

वकील इतका वेळ हसला नव्हता, तो हसला. "आजवर माझ्या समोर बसून हे कुणी विचारलेलं नाही. म्हणता येतं. मग ती तुमच्या कुणातरी लांबच्या भावाकडे जाईल आणि तो ती पाडून जागा विकेल. तो मला भेटूनही गेलाय."

बारकीने नको म्हटलं नाही. बाहेर पडताना दारापाशी एक म्हातारा उभा राहून तिला नमस्कार करत होता. त्याच्या काखेत छत्री होती.

घरी नवऱ्याला आधी ते खरंच वाटेना, आणि खरं वाटल्यावर त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "पहिली पाटी तुझ्या नावाची," तो म्हणाला. "दारावर. लाल अक्षरं, सोनेरी किनार. गल्लीच्या टोकावरून वाचता येईल अशी."

बारकीला ती पाटी डोळ्यांपुढे दिसली आणि पाटीखालून पाण्याची बादली घेऊन जाणारी ठिणगीही दिसली.

"अहो, कुणाला एक अक्षर सांगायचं नाही," ती म्हणाली. "सगळं नीट होईपर्यंत."

"काय नीट व्हायचंय आता?"

सासूबाईंना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे त्या स्वतः मोठ्याने बोलायच्या. त्यांना समजावून सांगता सांगता अर्ध्या चाळीला कळायची वेळ आली. "इमारत?" त्या ओरडल्या. "अख्खी?" बारकीने धावत जाऊन खिडक्या लावल्या. नंतर सासूबाई त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, लोकांना लॉटरी लागली की लोक नाचतात. तुला बघून वाटतंय, घरात पोलीस आलेत."

दुसऱ्या दिवशी बारकी कामावर गेली ती मनाशी ठरवून. डबे उघडले की सांगून टाकायचं. अगं ठिणगे, एक गंमत झाली, अशी सुरुवात करायची. वाटेत तिने ती गंमत चारदोनदा घोळवलीही होती. पण तळघरात पोचली तर ठिणगी इस्त्रीपाशी नव्हती. ती मोठीच्या बाकावर बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक होता.

"ती म्हातारी मेली," ठिणगी म्हणाली.

"कोण?" बारकीने विचारलं.

"आमची मालकीण, दुसरी कोण. छत्री येऊन सांगून गेला. नवीन कुणीतरी मालक आलाय म्हणे. कोण ते सांगेना मेला, नुसता गालात हसत होता. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, नवे मालक आले की आधी भाडेकरू काढतात, मग इमारत पाडतात." ती थांबली. ठिणगी बोलता बोलता थांबली हे बारकीने पहिल्यांदाच पाहिलं. "यांना घेऊन मी कुठे जाऊ? जिने चढायचं घर घेता येत नाही. तळमजला कुणी देत नाही. म्हातारी निदान आम्हाला विसरलेली तरी होती."

"नाही काढणार," बारकी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

हीच वेळ होती. बारकीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आता गंमत झाली म्हणून कशी सांगायची? तुझी झोप ज्याने उडवली ते माणूस मीच, असं? हीच ठिणगी उद्या आपल्यापुढे शब्द तोलून बोलेल. हसेल ती आपल्याला बरं वाटावं म्हणून हसेल. आणि नोटांच्या गादीचा विनोद तिला आठवेल, आणि तो आता कुणावर होता तेही.

"मला आपलं वाटतं," असं म्हणून बारकी मशीनवर जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. ठिणगी रोज नवी अफवा आणायची. कधी मालक परदेशातला असायचा, कधी दारूचं दुकान काढणारा. बारकी मान खाली घालून शिवत राहायची. कुणी खोलीत आलं की तिला वाटायचं, हा सांगणार. फोन वाजला की दचकायची. छत्री इस्पितळाच्या फाटकाशी दिसला तेव्हा ती शवागाराच्या बाजूने वळसा घालून गेली. आरशात बघताना, आपल्या तोंडावर मालकीणपण उमटलंय का, असंही ती बघायची.

एकदा ठिणगी म्हणाली, "नवा मालक समोर आला ना, तर मी पाया पडेन त्याच्या. एवढी वर्षं कुणाच्या पडले नाही, पण पडेन." त्याच क्षणी बारकीचा पाय मशीनवर जोरात दाबला गेला आणि सुई तिच्या बोटात नखाच्या कडेने आरपार घुसली. मोठीने चाक उलटं फिरवून सुई काढली. ठिणगीने तिचं बोट आपल्या पदरात घट्ट धरून ठेवलं, वर तिच्यावर डाफरली, "लक्ष कुठे असतं तुझं? काय लपवतेयस? घरी काही झालंय का?" बारकी रडायला लागली. त्या दोघींना वाटलं, बोट दुखतंय.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी ती पिवळ्या इमारतीत गेली. सांगायचंच, असं ठरवून. जिन्याच्या हलत्या कठड्याकडे न बघता, कुणी बघत नाही ना ते बघत ती ठिणगीच्या दारात पोचली. ठिणगी कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा खाटेवरून म्हणाला, "आली का बारकी? ये. हिला जरा समज दे. हिने भांडी बांधायला काढलीत. मी म्हटलं, मला कशात बांधणार ते आधी सांग."

बारकी मोडक्या स्टुलावर बसली. "ठिणगे, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग की."

"तू रागावशील."

"मग मुळीच सांगू नको," ठिणगी हसत म्हणाली आणि हात पुसत तिच्यापाशी येऊन बसली. "बोल. आजारी आहेस का? मोठीला तोच संशय आहे."

तेवढ्यात दार वाजलं आणि उघडंच असल्यामुळे छत्री आत आला. इमारतीत कुठे कुठे गळतं ते घरोघर विचारायला वकिलाने त्याला पाठवलं होतं. स्टुलावर बसलेल्या बारकीला बघून तो ताठ उभा राहिला, छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत गेली आणि तो कमरेत वाकला.

"मालकीणबाई, आपण कशाला तसदी घेतलीत? मला निरोप धाडला असता तर मी गाडी केली असती."

ठिणगीने आधी छत्रीकडे पाहिलं, मग मागे वळून दारात आणखी कुणी आहे का ते पाहिलं आणि मग बारकीकडे. बारकीच्या तोंडावर तिला हवं ते सगळं लिहिलेलं होतं.

ठिणगी उठली. घरात एकच धड खुर्ची होती. तिच्यावरचे कपडे तिने उचलले, ती पदराने पुसली आणि पुढे सरकवली. "इथे बसा," ती म्हणाली.

इतके दिवस जे स्वप्नात येऊन बारकीला जागं करत होतं ते हेच एक "बसा" होतं.

"ठिणगे, असं नको ना बोलू."

"कधीपासून?" ठिणगीने विचारलं.

"वकिलांनी बोलावलं तेव्हापासून. म्हातारी माझी आत्या निघाली. मला खरंच माहीत नव्हतं गं."

"म्हणजे मी पाया पडेन म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि रोज ऐकत होता. शिवत शिवत."

खाटेवरचा नवरा म्हणाला, "अगं, पण ही तर चांगली बातमी आहे ना," पण ठिणगीने त्याच्याकडे पाहिल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. छत्री केव्हाच बाहेर सटकला होता.

"चहा टाकू का तुमच्यासाठी?" ठिणगीने विचारलं. बारकी उठली आणि घरी आली.

तळघरात आता इस्त्रीच्या वाफेचा आवाज ऐकू यायला लागला. इतक्या वर्षांत तो कधी ऐकू आला नव्हता. ठिणगी वेळेवर यायची, काम करायची, आणि डबा घेऊन वर बागेत जायची. काही लागलं तर विचारायची, "या चादरी तुमच्याकडे द्यायच्या का?" मोठी मधोमध बसून घड्या घालायची. बारकीचं जेवण उतरेना. घरी पिवळ्या इमारतीतले लोक यायला लागले होते, कुणी नळाची तक्रार घेऊन, कुणी नुसतीच ओळख द्यायला. ज्यांनी आजवर गल्लीत तिला कोपर मारून वाट काढली होती, ते दारात चपला काढून उभे राहायचे. सासूबाई त्यांना मोठ्याने सांगायच्या, "आत या, ती चावत नाही." पाटीचं नाव नवऱ्याने पुन्हा काढलं नाही.

शेवटी एके दिवशी मोठीने हातातला अभ्रा खाली ठेवला. "मला तुमच्या दोघींमध्ये बसून गुदमरायला होतं," ती म्हणाली. "बाहेर जा आणि काय ते भांडून या."

मागच्या बाजूला, मळक्या कपड्यांच्या गाड्या उभ्या करतात तिथे दोघी उभ्या राहिल्या. बराच वेळ ठिणगी गाडीचं सैल चाक पायाने हलवत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगायचं. मला काढणार आहेस का?"

ती "तू" म्हणाली हे बारकीच्या लक्षात आलं, पण आनंद व्हायलाही तिला भीती वाटली. "नाही."

"पण काढू शकतेस ना?"

बारकीने खोटं बोलायचं टाळलं. "हो."

"झालं तर. मी त्यालाच घाबरलेय. तू वाईट आहेस म्हणून नाही. इतकी वर्षं तू माझं काही बरंवाईट करू शकत नव्हतीस, म्हणून मी तुझ्यासमोर तोंडाला येईल ते बोलले. नवऱ्याला शिव्या दिल्या, रडले, समोर येईल त्याच्याशी भांडले. आता तोंड उघडायच्या आधी मनात येतं, की ही रागावली तर? घरी गेल्यावर स्वतःची लाज वाटते मला. पण येतं मनात, काय करू?"

"मी पण घाबरलेय," बारकी म्हणाली. "तू अशी होशील म्हणूनच सांगितलं नाही."

"आणि सांगितलं नाहीस म्हणून मी अशी झाले."

"सांगितलं असतं तर झाली नसतीस?"

ठिणगीने विचार केला. "झाले असते," ती म्हणाली. "पण थोडी कमी."

आतून मोठीने गाडी मागितली, तेव्हा त्या परत गेल्या.

बारकी दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेली. या वेळी तिने पाणी घेतलं नाही. राहणाऱ्यांपैकी कुणालाही, तो स्वतःहून सोडत नाही तोवर, मालक काढू शकणार नाही, असं पक्कं लिहून हवं म्हणाली. वकिलाने चष्मा काढला. "तुम्ही स्वतःचेच हात बांधून घेताय, कळतंय ना? इमारतीची किंमत उतरेल. उद्या तुमच्या मुलाबाळांनी विचारलं तर?"

"बांधा," बारकी म्हणाली. तिने ते दुसऱ्यांदाही सांगितलं. आपण घरच्यांच्या तोंडचा घास काढला की काय, ही नवी भीती मात्र कचेरीतून घरी येईपर्यंत तिच्याबरोबर होती. नवऱ्याचा चेहरा दोन दिवस पडलेला होता. तिसऱ्या दिवशी तो रंगाचे डबे घेऊन गेला आणि जिन्याचा कठडा दुरुस्त करून, रंगवून आला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता तरी खिडक्या उघड. जीव घाबरा होतो."

कागद झाले तेव्हा ठिणगीने आपला उभ्याउभ्याच दोनदा वाचला. "हे माझ्यासाठी केलंस?"

"सगळ्यांसाठी. एकट्या तुझ्यासाठी केलं असतं तर तू घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं," ठिणगी म्हणाली आणि कागद घडी करून आत घेऊन गेली. आभार मानले नाहीत. बारकीला त्याने हायसं वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत ते हायसं वाटणंही विरून गेलं, कारण रागामुळे मानले नाहीत की मैत्रीमुळे, हे तिला ठरवता येईना.

ठिणगी पुन्हा तळघरात जेवायला लागली. इमारतीत शेजारीपाजारी असले की ती बारकीला "तुम्ही" म्हणायची, तळघरात "तू". कधी कधी चुकायची आणि दोघी खाली बघायच्या. विनोद आधी जपून आले, मग थोडे कमी जपून. बारकीचा धसका मात्र गेला नव्हता. प्रत्येक हसण्याचं वजन ती मनातल्या मनात करून बघायची.

मग पावसाळा संपता संपता एका सकाळी तिला यायला उशीर झाला. तळघराचा जिना उतरतानाच तिला आतून हसणं ऐकू आलं, ठिणगीचं आणि मोठीचं, अगदी पोट धरून. तिने दार ढकललं आणि हसणं चटकन बंद झालं.

बारकी उंबऱ्यात थिजली. मशीनपर्यंत जायचं म्हणजे खोली ओलांडून जायला लागणार होतं.

ठिणगी आणि मोठीने एकमेकींकडे पाहिलं.

"तुझ्याबद्दलच बोलत होतो," ठिणगी म्हणाली.

"काय?" बारकीने विचारलं.

"काल तू छताची गळती बघायला आली होतीस, त्याचं." ठिणगीने दोन उशा उचलून एक काखेत दाबली, दुसरी पर्ससारखी पोटाशी धरली, मान आखडली, आणि खोलीभर टाचा उचलून चालायला लागली. दर दोन पावलांनी ती वर छताकडे बघायची, दचकायची, आणि समोर कुणी नसताना माफी मागायची. "अशी. पाणी तुझ्या डोक्यावर पडत होतं आणि तू पाण्यालाच म्हणत होतीस, माफ करा हं, माफ करा. छत्री मागे छत्री घेऊन उभा, पण उघडायचं काही त्याला सुचेना."

मोठी पुन्हा हसायला लागली होती. बारकी दारातून आत आली, आणि नक्कल चालू असतानाच म्हणाली, "मान एवढी आखडलेली नव्हती माझी."

"याच्यापेक्षा जास्त," ठिणगी म्हणाली. "थांब, पुन्हा करून दाखवते. तू नीट बघ."